आटपाट नगर, तालुका जिंतूर

एप्रिल लागला की परभणीत दोन गोष्टी एकदमच तापतात, घरावरचे पत्रे आणि घरातली पोरं. यंदा आमच्या घरात परीक्षा आहे ती फ्रेंचची. नात सायली सव्वीस वर्षांची आहे, चांगली इंजिनिअर आहे, आणि कंपनी तिला फ्रान्सला पाठवणार आहे म्हणे. त्याआधी भाषेची परीक्षा. तिच्या शिकवणाऱ्या बाईंनी संगणकातून सांगितलं, लहान मुलांची पुस्तकं वाचा. तेव्हापासून ही घोडी फरशीवर पालथी पडून बदक लांडग्याला काय म्हणालं ते ओठ हलवत वाचत असते. तिला आता फ्रेंचमध्ये चेटकीण म्हणता येतं, भोपळा म्हणता येतो, बेडकाचा राजा म्हणता येतो. तिकीट कुठं मिळतं हे विचारता येत नाही.

काल तिनं चार पुस्तकं माझ्या मांडीवर ठेवली.

"आजोबा, ह्यातलं आधी कोणतं वाचू? तुम्ही सांगा. बाबा म्हणतात, ह्यातले तज्ज्ञ तुम्हीच."

मी पाणी पीत होतो. ठसका लागला.

आमच्या घरात ही एक दंतकथाच झालेली आहे. मी तरुणपणी एका उर्दू शिकलेल्या मुन्शींना मुलांची पुस्तकं निवडून दिली, त्यातून त्यांना मराठी शिकवली आणि त्यांची नोकरी वाचवली. माझ्या निवृत्तीच्या दिवशी तीन जणांनी हीच कथा भाषणात सांगितली. शाल मिळाली. ती शाल मी एकदाही अंगावर घेतलेली नाही. घरच्यांना वाटतं, जपून ठेवली आहे.

आता नव्वदीला टेकलो. त्या कथेतलं बहुतेक सगळं खरं आहे, फक्त मधली एक गोष्ट खोटी आहे, आणि ती मधली गोष्ट म्हणजे मी.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढचा तो उन्हाळा. जिंतूरच्या तहसील कचेरीसमोर एक कडुलिंबाचं झाड होतं. त्याचा मोहर दिवसभर गळायचा, टोपीवर, दप्तरावर, पाण्याच्या रांजणात. आजही कुठं लिंबाचा तो गोडसर कडू वास आला की मला वीस वर्षांचं झाल्यासारखं वाटतं, आणि त्यापाठोपाठ लाज वाटते. वास आणि लाज इतकी वर्षं एकाच डब्यात राहिली आहेत, आता वेगळी करता येत नाहीत.

कचेरीत तेव्हा मोठी गंमत चाललेली होती. कालपर्यंत सगळा कारभार उर्दूत. आता हुकूम आला की मराठीत. ज्यांची हयात उर्दू लिहिण्यात गेली ते कारकून पाटीवरच्या पोरांसारखे अ आ ई गिरवायला लागले. दुपारच्या सुट्टीत कचेरीच्या ओट्यावर पाच-सहा पिकल्या मिशांची माणसं एका सुरात बाराखडी म्हणायची. रस्त्यानं जाणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून जायच्या.

त्यांच्यातले सगळ्यांत वडील मुन्शी करीमोद्दीन. तहसीलदारांचे पेशकार. म्हणजे कागद साहेबांपुढं ठेवायचे, वाचून दाखवायचे, जबाब लिहून घ्यायचे. उर्दूत त्यांचा हात असा होता की त्यांनी लिहिलेल्या रजेच्या अर्जावर आधीचे एक तहसीलदार डोळे पुसून सही करत, असं लोक सांगायचे. मराठी बोलायचे तर जिंतूरच्या बाजारासारखं झकास. पण अक्षर समोर आलं की थिजायचे.

"मियाँ, हे हुरूफ आहेत का धुणं?" बाराखडीच्या तक्त्याकडं बघून ते मला म्हणाले. "सगळे दोरीवर वाळत घातलेले. एकाचा पाय खाली, एकाचा हात बाजूला."

मी तिथला उमेदवार. उमेदवार म्हणजे बिनपगारी किंवा अर्धपगारी आशाळभूत माणूस. मी मराठीतून मॅट्रिक झालेलो, आणि अख्ख्या कचेरीत तेवढाच एक. नियम असा आलेला होता की जूनअखेर ज्याचं काम मराठीत चालतं असा शेरा तहसीलदार देतील, तो राहील. ज्याला शेरा मिळणार नाही त्याची खुर्ची मराठी येणाऱ्या उमेदवाराला. मुन्शीजींची खुर्ची वेताची होती, हातांची. मी तिच्यावरची धूळ रोज सकाळी झटकायचो, आणि जरा जास्तच वेळ झटकायचो.

आणि अशा माणसाला मुन्शीजी म्हणाले, "मेरी उमर पचास, मियाँ, और मेरी मराठी की उमर पाँच. पाँच साल के बच्चे को जो देते, वो किताबां मेरेकू ला दे. तू निवड. तू उस्ताद."

सायलीला मी काल हेच सांगितलं की नव्या भाषेत माणूस पुन्हा पाच वर्षांचा होतो. ती म्हणाली, हो ना, आणि सगळे गाल ओढतात. मुन्शीजींचे गाल कुणी ओढले नाहीत. त्यांचा पाय ओढला, आणि तो मी ओढला.

पुस्तकं मिळायची सेलूला. सेलू म्हणजे रेल्वेचं गाव. बाजारात कापसाच्या गाड्या, जिनिंगचा धुरळा, आणि स्टेशनच्या वाटेवर पाटीपेन्सिलींचं एक दुकान. शनिवारी मी मोटारीनं गेलो. दुकानदारानं ढीग पुढं केला. मी वीस वर्षांचा बाप्या त्या ढिगापुढं उकिडवा बसून 'कोल्हा लबाड की कावळा शहाणा' असला विचार करत होतो. अक्षरओळखीचं पुस्तक घेतलं. कोल्ह्याकावळ्याचं घेतलं. मग मुलांसाठी मोठ्या टायपात छापलेल्या कहाण्यांचं एक पुस्तक हाताला लागलं. राजा, आवडती राणी, नावडती राणी.

त्याच्या खालीच दुसरं होतं. पिवळ्या वेष्टनाचं, पातळ. अर्ज, जबाब, पंचनामे, रजेचे कागद मराठीत कसे लिहावेत, नमुन्यांसकट. मुन्शीजींना जे हवं होतं ते नेमकं तेच. मी ते पूर्ण चाळलं. दुकानदार म्हणाला, "हे न्या, कचेरीतल्या माणसाला कामाचं हाय." मी नेलं. माझ्या पेटीत, धोतराच्या घडीखाली ठेवलं. आणि सोमवारी मुन्शीजींना सांगितलं, "कचेरीच्या मराठीचं पुस्तक निघालेलंच नाही अजून."

तर ही ती मधली गोष्ट. पुढचं सगळं हिच्यातूनच निघालं.

मुन्शीजींनी कहाण्यांचं पुस्तक हातात घेतलं आणि उर्दूच्या सवयीनं मागून उघडलं. त्यामुळे त्यांनी आयुष्यात वाचलेलं पहिलं मराठी वाक्य म्हणजे 'ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण'. ते वाचायला त्यांना पाऊण तास लागला. झाल्यावर त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "वाह. वजन आहे."

मग त्यांनी एक प्रश्न विचारला. सरळ मनाचा प्रश्न होता. उर्दूत दरख्वास्तीची, म्हणजे अर्जाची, सुरुवात ठरलेली असते आणि शेवटही ठरलेला असतो. माणूस आपलं रडगाणं तेवढं मधे घालतो. तर मराठीत सुरुवात कोणती आणि शेवट कोणता?

मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "सुरुवात, आटपाट नगर होतं. शेवट तुम्ही आत्ता वाचलात तोच."

"हर कागज में?"

"सरकारी कागदात तर नक्कीच."

लिंबाचा एक तुरा त्यांच्या पानावर पडला. त्यांनी तो तिथंच खुणेसाठी ठेवून पुस्तक मिटलं. शिक्षकानं सांगितलेलं ऐकावं, ही त्या पिढीची रीत. शंका घ्यायचीच नाही.

दोन आठवड्यांत त्यांचा हात बसला. गंमत अशी की ते मनापासून शिकत होते. बाजारातली मराठी निराळी आणि कागदावरची निराळी, असं त्यांनी धरलं होतं, आणि ही कागदावरची जिभेला वळण पडावं म्हणून कचेरीतही बोलायचे. शिपायाला म्हणायचे, "शिपाया शिपाया, कुठं जातोस? येताना गार पाणी आण." शिपाई दचकायचा. त्यांनी पहिला मराठी अर्ज लिहिला तो रजेचा. 'आटपाट नगर होतं. त्याचं नाव जिंतूर. तिथं एक पेशकार होता. त्याच्या भाच्याचं लग्न निघालं. साहेब साहेब, तीन दिवसांची रजा द्या. उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही.' तेव्हाच्या तहसीलदारांनाही मराठी वाचता येत नव्हती. त्यांनी मोठ्या रुबाबात 'मंजूर' लिहिलं.

मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून हसलो. मग पेटीतलं पिवळं पुस्तक काढून 'उपरोक्त विषयास अनुसरून' पाठ करत बसलो.

ते एकदा मला म्हणाले होते, "उस्ताद, बच्चों की किताब में जबान साफ रहती. मुलाला फसवता येत नाही ना. मुलगा लगेच विचारतो, मग काय झालं?" मी हो म्हणालो. ते वाक्य लक्षात ठेवा. पुढं मी तेही चोरलं.

मे महिन्यात नवे तहसीलदार आले, देशावरचे, चष्मा लावणारे, मराठी वाचणारे. माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. आणि त्याच आठवड्यात चारठाण्याचं मेंढरांचं प्रकरण आलं.

भागाबाई नावाची एक धनगरीण होती. नवरा गेलेला, साठ मेंढरांचा कळप स्वतः फिरवायची. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की शेतकरी धनगरांना बोलावतात, मेंढरं रानात बसवतात. लेंड्यांचं खत होतं, बदल्यात धनगराला धान्य मिळतं. चारठाण्याच्या माणिकरावानं तिला बोलावलं, आठ दिवस मेंढरं बसवून घेतली, आणि ज्वारी द्यायची वेळ आली तेव्हा 'हिनं न विचारता रानात मेंढरं घातली' म्हणून सगळा कळप कोंडवाड्यात घातला. बोलणं झालं ते दोघांतच, साक्षीदार कुणी नाही. मुन्शीजी चारठाण्याला गेले, देवळाच्या दगडी खांबाच्या सावलीत बसले आणि भागाबाईचा जबाब लिहून घेतला.

साहेब म्हणाले, "पेशकार, हा जबाब तुम्ही मराठीत लिहिलाय. उद्या दोन्ही बाजूंपुढं वाचून दाखवा. तोच तुमचा शेरा."

जबाब वाचून दाखवायचा, देणाऱ्यानं 'बरोबर आहे' म्हणायचं, मग अंगठा. तशी पद्धतच होती. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कचेरी भरली. एका बाजूला भागाबाई, हातात काठी. दुसऱ्या बाजूला माणिकराव, डोक्याला जरीचा पटका, जेवून आल्यामुळे जरा पेंगुळलेला. मी रांजणाजवळ उभा होतो, तिथून सगळं नीट दिसायचं.

मुन्शीजी उठले. शेरवानीची बटणं लावली. वाचायला लागले.

"आटपाट नगर होतं. त्याचं नाव चारठाणा."

कचेरी फुटली. कारकून बाकांवर डोकी ठेवून हसायला लागले. शिपाई बाहेर पळाला. साहेबांनी चष्मा काढला. आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. मुन्शीजींचे कान लाल झाले. त्यांनी मान वळवून एकदा माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, एक पान उलटायला लागतो तेवढाच वेळ.

आणि त्या गदारोळात एक आवाज आला.

"हूं."

माणिकराव. आमच्याकडं गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. नाही दिला तर सांगणारा थांबतो, आणि गोष्ट अर्धी टाकणं वाईट. हे आईच्या मांडीवर शिकलेलं असतं, डोक्यानं करायचं काम नव्हे. आटपाट नगर कानावर पडलं आणि माणिकरावाच्या पोटातून हुंकार आपसूक निघाला.

सगळी कचेरी हसत होती आणि एक माणूस ऐकत होता. त्या एका 'हूं'च्या काठीवर मुन्शीजी उभे राहिले. पुढं वाचायला लागले.

"तिथं एक धनगरीण आली. तिचं नाव भागाबाई. तिला साठ मेंढरं होती."

"हूं."

"एके दिवशी माणिकराव तिच्याकडं आला. म्हणाला, बाई बाई, माझ्या रानाला खत नाही. तुझी मेंढरं माझ्या रानात बसव. मी तुला ज्वारी देईन."

"हूं."

साहेबांनी चष्मा पुन्हा घातला. हसणं हळूहळू थांबलं.

"भागाबाईनं मेंढरं बसवली. एक रात्र बसली, दोन रात्री बसली, आठ रात्री बसली. रान लेंड्यांनी काळं झालं."

"हूं, हूं." ह्यावेळी जरा समाधानानं.

"नवव्या दिवशी बाई म्हणाली, दादा दादा, माझी ज्वारी दे. तेव्हा माणिकराव उतला, मातला. त्यानं मेंढरं कोंडवाड्यात घातली."

"हूं," माणिकराव म्हणाला, आणि मग त्याचे डोळे पूर्ण उघडले.

साहेब म्हणाले, "माणिकराव, मघापासून हूं कोण म्हणतंय?"

"मीच की साहेब."

"म्हणजे हे सगळं खरं?"

"खरं कसं? ती गोष्ट हाय."

"मग हूं कशाला?"

"गोष्ट सांगायलेत म्हणल्यावर हूं म्हणावंच लागतंय की! मी गोष्टीला म्हणलो, मेंढराला न्हाई म्हणलो."

"खोटी होती तर एका ठिकाणी तरी 'न्हाई' म्हणायचं होतंत."

भागाबाई काठी आपटून म्हणाली, "कसा म्हणल साहेब? तोंड त्येचं हाय, पर हुंकार त्येच्या आईनं शिकवलेला हाय. आई खोटं बोलू देईना त्येला."

माणिकरावानं पटका काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "सोडा मेंढरं. ज्वारी देतो."

पण कागद कागद असतो. साहेब मला म्हणाले, "तुम्ही मॅट्रिक ना? हा जबाब नीट कचेरीच्या भाषेत लिहून आणा." माझी वेळ आली. मी पिवळं पुस्तक आठवून झरझर लिहिलं आणि खणखणीत आवाजात वाचलं. 'सदर अर्जदार बाई प्रतिज्ञापूर्वक कथन करते की, सदर इसमाने सदर पशुधन सदर क्षेत्रात...'

कुणी हूं म्हणालं नाही. खाली पडलेल्या मोहरावर एक मुंगी चाललेली मला स्पष्ट दिसत होती.

भागाबाई म्हणाली, "ही सदर बाई कोण?"

"तुम्हीच."

"आन् माझी मेंढरं?"

"सदर पशुधन."

तिनं नाक पुढं करून हवेत हुंगल्यासारखं केलं. "ह्येला मेंढराचा वास बी येईना. माझा आंगठा मी असल्याला न्हाई देत. मुन्शीभाऊ, तुमचा कागद आणा हिकडं."

साहेबांनी मुन्शीजींच्या कागदावरची पहिली ओळ आणि शेवटची सुफळ संपूर्णची ओळ लाल शाईनं खोडली. म्हणाले, "मधलं राहू द्या. माझ्या नोकरीत प्रथमच जबाब देणाऱ्याला जबाब कळलाय." भागाबाईनं अंगठा दिला. शेरा मिळाला. वेताची खुर्ची जिथल्या तिथं राहिली.

मग साहेबांनी विचारलं, "पेशकार, असं लिहायला शिकवलं कुणी?"

मी रांजणामागं सरकलो. मुन्शीजींनी माझ्याकडं बोट केलं. "हा माझा उस्ताद. किताबां ह्यानंच निवडली."

त्या क्षणी खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी जे वाक्य बोललो ते असं: "मुलांच्या पुस्तकात भाषा साफ असते, साहेब. मुलाला फसवता येत नाही."

साहेब खूश झाले. माझ्यासाठी वर शिफारस लिहिली. सहा महिन्यांत सेलूला माझी पक्की नेमणूक झाली. जी खुर्ची चोरायला गेलो ती मिळाली नाही, आणि चोरीबद्दल दुसरी बक्षीस मिळाली. माझी सगळी नोकरी, हे घर, पोरांची शिक्षणं, सायलीचं फ्रेंचसुद्धा, असं म्हटलं तर त्या शिफारशीवर उभं आहे.

बरीच वर्षं गेल्यावर एका दुपारी मी जिंतूरला मुन्शीजींच्या घरी गेलो. सत्तरीला आले होते. बाजेवर पडून ताडाच्या पंख्यानं वारा घेत होते. उशाशी तेच कहाण्यांचं पुस्तक, कोपरे झिजलेलं. नातवंडांना वाचून दाखवायचे. मी कबुली द्यायलाच गेलो होतो, पण सरळ तोंड फुटेना. म्हणून म्हणालो, "मुन्शीजी, एक गोष्ट सांगतो. आटपाट नगर होतं. त्याचं नाव जिंतूर."

त्यांनी डोळे मिटले. "हूं."

"तिथं एक उमेदवार होता."

"हूं."

"तो पुस्तकं आणायला सेलूला गेला."

"हूं."

"दुकानात दोन पुस्तकं होती. एक कहाण्यांचं. एक कचेरीच्या कागदांचं."

पंखा थांबला. हुंकार आला नाही. मी वाट बघितली. बाहेर कुणीतरी बकरीला हाकलत होतं. सांगणाऱ्याला हुंकाराशिवाय पुढं जाता येत नाही म्हणतात ते खरं आहे.

"उमेदवाराला वाटलं," मी म्हणालो, "कहाण्यांचं सोपं पडेल."

मग पंखा पुन्हा हलायला लागला. "हूं," मुन्शीजी म्हणाले, आणि आत चहा सांगितला. निघताना त्यांनी माझा हात धरून ठेवला. "उस्ताद, कहानी अच्छी थी. बस, आखिर कच्चा रह गया."

त्यानंतर ते दोन-तीन वर्षंच होते. मी सेलूला होतो, तिथून जिंतूर लांब नव्हतं. मी गेलो नाही.

आज सकाळी सायलीला मी पुस्तक निवडून दिलं. ज्यात एकच वाक्य फिरून फिरून येतं ते, कोंबडी दारोदार जाते आणि प्रत्येकाला तेच विचारते. मग पेटीतून पिवळं पुस्तक काढलं आणि तिला समोर बसवून इथवर लिहिलेलं सगळं वाचून दाखवायला लागलो. जबाब वाचून दाखवायचीच रीत आहे आमची. ती मोबाइल बाजूला ठेवून ऐकत होती, आणि तिला न कळत तिच्या घशातून दर वाक्याला 'हं, हं' येत होतं. तिला हे कुणी शिकवलेलं नाही. वाचता वाचता सेलूच्या दुकानापाशी आलो. दोन पुस्तकं होती, एक कहाण्यांचं, एक कचेरीच्या कागदांचं. तिची नजर माझ्या मांडीवरच्या पिवळ्या पुस्तकाकडं गेली आणि तिचं 'हं' थांबलं.

वर पंखा फिरत होता. मी चष्मा पुसला, बोट ओळीवर ठेवलं, आणि हुंकाराची वाट न बघता पुढचं वाक्य वाचलं.